शिवनिळीचा पट्टा

बोरसंगी आणि चिंचणोळी या दोन गावांच्या मधे दीड कोसाचा माळ आहे. मुरूम, कातळ आणि मधूनमधून कुसळी गवत, एवढंच तिथलं वैभव. झाड म्हणाल तर एक जुना हिवर आणि चार-दोन बाभळी. पण पाऊसकाळ सरत आला की भाद्रपद-आश्विनात सकाळच्या वेळी या माळावर जावं. उघड्या मुरमावर एक निळा पट्टा पसरलेला दिसतो. जवळ जाऊन खाली बसलं तरच कळतं, की ती फुलं आहेत. नखाएवढं फूल, जमिनीला चिकटून सरकणाऱ्या बारीक फांद्या, पानांवर राखाडी लव. पुस्तकात याला विष्णुक्रांता म्हणतात. दोन्ही गावांत मात्र शिवनिळी हेच नाव. सूर्याबरोबर उमलते आणि ऊन चढलं की मिटून जाते.

पट्टा असेल बैलगाडीच्या चाकोरीएवढा रुंद. पूर्वेकडून सरळ येतो. माळाच्या मध्यावर कातळात पाण्याचा झिरा आहे, तिथे त्याला दोन फाटे फुटतात. एक झिऱ्याच्या उत्तरेने जातो, एक दक्षिणेने. पलीकडे दोन्ही पुन्हा एक होतात आणि पट्टा मावळतीकडे निघून जातो.

बाहेरगावचं कुणी बघायला आलं, की बोरसंगीचे शिदूतात्या आधी त्यांना वहाणा काढायला लावतात. "फुलावर पाय पडला तर पडू द्या," ते म्हणतात. "ती पायाखालचीच हाईत. वहाण तेवढी नको." मग हिवराच्या सावलीला बसून ते हकिकत सांगतात, ती अशी.

फार मागची गोष्ट. तीन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता, असे सांगतात. विहिरींचे तळ उघडे पडले होते. दोन्ही गावांतली निम्मी गुरं गेली, उरलेली दारात नुसती उभी. माळावरचा झिरा मात्र आटला नव्हता. कातळाच्या फटीतून बोटाएवढी धार यायची आणि खालच्या खळग्यात साठायची. एरवी त्या झिऱ्याकडे गुराख्यांवाचून कुणी फिरकत नसे. त्या वर्षी दोन्ही गावांना एकदम शीव आठवली. उत्तरेकडचे बोरसंगीकर म्हणू लागले, झिरा आमच्या हद्दीत. दक्षिणेकडचे चिंचणोळीकर म्हणू लागले, आमच्या. काठ्या निघाल्या, डोकी फुटली. तेव्हा दहा गावचे पंच जमले. कागद कुणाकडेच नव्हता. मग जुन्या रिवाजाप्रमाणे शिवेचं दिव्य करायचं ठरलं.

दिव्य म्हणजे असं. ज्या घराण्यानं शीव राखली, त्यातल्या माणसानं शिवेवरच्या मातीचं ओलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि अनवाणी शीव चालून दाखवायची. तो चालेल ती शीव. चालताना त्याला कुणी अडवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. त्यानंतर चाळीस दिवस वाट बघायची. तेवढ्यात त्याच्या घराला आग लागली, त्याला साप डसला, किंवा त्याच्या घरात मरण झालं, तर मातीनं त्याचं चालणं नाकारलं असं समजायचं. निवाडा रद्द. चाळीस दिवस सुखरूप गेले, तर ती शीव पिढ्यान्‌पिढ्या कायम.

त्या मुलखात शीव राखायचं काम बोरसंगीच्या येसकराकडे होतं. येसकर म्हणजे गावाच्या वेशीचा राखणदार. त्याचं नाव रायनाक. घर वेशीबाहेर, महारवाड्यात. महारवाड्यातल्या माणसानं गावविहिरीला हात लावायचा नाही, असा तेव्हाचा रिवाज होता. बायका घागरी विहिरीपासून लांब ठेवायच्या आणि बसून राहायच्या. कुणाला दया आली, सवड झाली, की वरून ओतायचं. चिंचणोळीच्या महारवाड्याचंही तेच. पण शिवेचा प्रश्न निघाला, की पाटलापासून पंचांपर्यंत सगळे रायनाकाच्या तोंडाकडे बघायचे. तिथे त्याचा शब्द शेवटचा. चार पिढ्यांचा तो मान होता आणि त्या घरात दुसरं काही नव्हतं.

रायनाक तेव्हा सत्तरीच्या पुढे गेलेला. त्या हिवाळ्यात त्याचे पाय सुजले, दम लागू लागला. मुलगा नव्हता. एक मुलगी होती, कोंडाई. नवरा वारल्यावर माहेरी परत आली होती, त्याला पंधरा वर्षं झाली होती. कमी बोलणारी, हाडापेरानं मोठी बाई. पंधरा वर्षं तिनं बापाबरोबर शिवेच्या फेऱ्या घातल्या होत्या. कलंडलेले दगड उभे केले होते. डोळे मिटूनही ती शीव चालली असती.

"माझे पाय गेले," रायनाकानं पंचांना सांगितलं. "माझी लेक चालंल. शीव तिला माझ्यापरीस जास्त ठावी हाय."

बाईमाणसानं दिव्य केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पंच बराच वेळ आपसांत बोलले. शेवटी रक्त त्याच घराण्याचं म्हणून कबूल झाले.

त्याच आठवड्यात महारवाड्यात एक गोष्ट घडली होती. कोंडाईच्या शेजारची ठमाई बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. घरात पाण्याचा थेंब नाही म्हणून ती घागर घेऊन विहिरीवर गेली. कोंडाई तिच्या शेजारीच बसली होती. सकाळपासून ऊन कलेपर्यंत दोघी बसून होत्या. बायका येत होत्या, आपापल्या घागरी भरून जात होत्या. पाणी इतकं तळाला गेलेलं, की दुसऱ्यासाठी पोहरा सोडायची कुणाची छाती नव्हती. ठमाई रिकामी घागर घेऊन घरी आली ती तापानं फणफणली आणि तिसऱ्या दिवशी गेली. कोंडाईनं तिला न्हाऊ घालायला पाणी मागितलं, तेही अर्ध्या तांब्यापेक्षा जास्त मिळालं नाही.

दिव्याच्या आदल्या सकाळी बोरसंगीचे गोंदजी पाटील महारवाड्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. कोंडाईला बोलावणं गेलं.

"तू या गावची," पाटील म्हणाले. "उद्या चालताना तेवढं ध्यानात ठेव. झिरा गावाकडं आला पाहिजे. गाव जगलं तर तुमचा वाडा जगंल."

कोंडाई खाली मान घालून ऐकत राहिली. पाटील गेल्यावर घरात आली आणि बापाच्या उशाशी बसली.

"बा, झिरा कुणाचा?"

रायनाक म्हणाला, "चिंचणोळीचा. झिऱ्याच्या वरल्या अंगाला चार हातांवर शिवेचा दगड होता. वीज पडून फुटला. माझ्या आज्यानं बाला दावला, बानं मला."

"म्हंजी चिंचणोळीला पाणी मिळंल."

"मिळंल."

"तिथल्या आपल्या लोकांस्नी?"

"त्यांना कोण शिवू देतंय," रायनाक म्हणाला. "त्येंचं आपल्यावाणीच."

म्हाताऱ्यानं लेकीच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या मनात काय चाललंय हे त्याला ओळखू आलं असावं. त्यानं तिचं मनगट धरलं.

"कोंडे, माती डोक्यावर घेतली की खोटं पाऊल टाकू नगंस. आपल्या घरात तेवढंच एक हाय."

"न्हाई टाकणार, बा," कोंडाई म्हणाली. आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं, असे शिदूतात्या सांगतात.

चैत्रातली सकाळ. माळाच्या पूर्वेला, जिथे शिवेबद्दल दुमत नव्हतं, तिथली माती खणून काढली. घोटभर पाण्यात ती मळून ढेकूळ केलं. कोंडाईनं ओल्या लुगड्यात, केस मोकळे सोडून, ते डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली. उत्तरेच्या अंगानं बोरसंगी चालत होती, दक्षिणेच्या अंगानं चिंचणोळी. शेकडो माणसं, पण माळावर फक्त पावलांचा आवाज. रायनाकाला बाजेवर घालून झिऱ्यापाशी आणून ठेवलं होतं.

पाऊण कोस ती नाकासमोर चालली. ऊन वाढत होतं. ढेकूळ सुकत चाललं होतं आणि त्याचा चुरा तिच्या खांद्यांवरून मागे वाटेवर सांडत होता. झिरा आला. फुटलेल्या दगडाची जागा तिला ठाऊक होती. ती बरोबर तिथून, झिऱ्याच्या उत्तरेनं, पुढे गेली. झिरा चिंचणोळीकडे राहिला. दक्षिणेच्या माणसांनी श्वास सोडला. गोंदजी पाटलांचा चेहरा काळवंडला.

आणखी वीस पावलं गेल्यावर कोंडाईला समोर उंचवट्यावर काही माणसं बसलेली दिसली. ती बोरसंगीत नव्हती आणि चिंचणोळीतही नव्हती. दोन्ही गावांचे महारवाडे तिथे एकत्र बसले होते. पुढे घागरी मांडलेल्या. तिथून झिरा नीट दिसत होता. निवाडा कसाही झाला तरी त्यांच्या घागरींना त्याचं काही नव्हतं, आणि तरी ती उन्हात येऊन बसली होती. विहिरीवर बसायची तशीच. ठमाई बसली होती तशीच.

कोंडाई थांबली. किती वेळ थांबली याबद्दल दोन्ही गावांत वेगवेगळं सांगतात. मग ती वळली. झिऱ्याच्या दक्षिणेनं चालत ती मागे आली, जिथून झिऱ्याला वळसा सुरू केला होता तिथपर्यंत. तिथून पुन्हा उत्तरेच्या वाटेनं पुढे गेली आणि मावळतीपर्यंत शीव चालत राहिली. वळताना ती बाजेजवळून गेली. बापाचे डोळे तिच्यावर होते. तिनं खोटं पाऊल टाकलं तसे ते मिटले.

शीव संपली तेव्हा डोक्यावर मूठभर माती उरली होती. थोरल्या पंचांनी विचारलं, "ही कसली शीव?"

"शीव झिऱ्याच्या दोन्ही अंगांनी जाती," कोंडाई म्हणाली. "मधली जागा बोरसंगीची न्हाई, चिंचणोळीची न्हाई. तिथं कुणाचा हुकूम चालत न्हाई. जो जाईल त्यानं पाणी घ्यावं."

मोठा गलका झाला. पंच बाजेकडे गेले.

"रायनाक, तू सांग. शीव अशीच हाय?"

सगळा माळ ऐकायला थांबला. म्हाताऱ्यानं डोळे उघडले. खोटं तो बोलणार नव्हता आणि लेकीला खोटी ठरवणंही त्याच्यानं होणार नव्हतं.

"माती तिच्या डोक्यावर हाय," तो म्हणाला. "माझ्या न्हाई. मला इचारू नका."

रिवाजापुढे कुणाचं चाललं नाही. चाळीस दिवस मोजायला सुरुवात झाली. तोवर झिऱ्याचं पाणी पंचांच्या देखत दोन्ही गावांना निम्मं निम्मं मिळायचं. कोंडाईला हिवराखाली गवताची झोपडी घालून दिली. दोन्ही गावांचे दोन-दोन राखणदार तिच्याभोवती बसवले. तिला घरी जायची मुभा नव्हती. लांबून महारवाड्याच्या चुलींचा धूर दिसायचा, त्यातला आपल्या घरचा कोणता ते ती ओळखायची.

तिला भय वाटत होतं, ते लोकांचं नव्हतं. मातीचं होतं. चार पिढ्या आपल्या घरानं मातीशी इमान राखलं आणि आपण ते मोडलं, आता माती काय करायचं ते करील, असं ती धरून बसली होती. आपल्याला साप चावला तर चावू दे, असं तिला वाटे. बापावर काही येऊ नये, एवढंच.

आणि बाप तर मरणाच्या दारात होता. त्याच्या घरात मरण झालं की निवाडा रद्द. गोंदजी पाटलांचा माणूस रोज सकाळी महारवाड्याच्या तोंडाशी येऊन विचारायचा, "म्हातारा कसा हाय?" आतून उत्तर जायचं, "बसलाय."

रायनाकानं विसाव्या दिवसानंतर पेज सोडली, म्हणे. महारवाड्यातल्या बायका आळीपाळीनं त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडत. ज्या पाण्यासाठी त्या दुपारपर्यंत विहिरीपाशी बसायच्या, त्यातलंच. श्वास घेताना त्याची छाती घरघरायची. रोज सकाळी तो एकच प्रश्न विचारी, "कितवा?" त्या आकडा सांगत. त्यानं कोंडाईचं नाव एकदाही घेतलं नाही. तिनं केलं ते बरं, असंही कधी म्हणाला नाही. पण ज्याला चार दिवस काढणं अवघड होतं, तो तिच्यासाठी एकेक दिवस काढत होता, हे सगळ्यांना दिसत होतं.

इकडे माळावर, विसाव्या-बाविसाव्या दिवशी, कोंडाईला आपल्या पायवाटेवर राखाडी-हिरवट असं काहीतरी दिसलं. आधी तिला गवत वाटलं. पण तीन वर्षांत ज्या मुरमात गवतही आलं नव्हतं, तिथे वैशाखाच्या उन्हात, पावसावाचून, बारीक लवदार पानं जमिनीला बिलगून पसरत होती. ढेकळाचा चुरा जिथे जिथे सांडला होता तिथेच ती होती. आजूबाजूला काही नाही. शहाणी माणसं म्हणतात, त्या मातीत बी असेल, ओलीनं रुजलं असेल. शिदूतात्या त्यावर मान हलवतात आणि म्हणतात, "असंल. पण पुढं पाणी कुणी घातलं?"

तिसाव्या दिवशी सकाळी पहिली फुलं उमलली. चारही राखणदार उठून उभे राहिले. कोंडाई वाटेनं चालत झिऱ्यापर्यंत गेली. उत्तरेच्या वाटेवर, म्हणजे खऱ्या शिवेवर, निळी फुलं होती. तिथे थोडी थांबून ती छाती घट्ट करून दक्षिणेला वळली, जिथे तिनं खोटं पाऊल टाकलं होतं. तिथेही तेवढीच होती. तशीच निळी. ती खाली बसली आणि ठमाई गेल्यापासून पहिल्यांदा रडली. राखणदारांनी पाठ फिरवली.

चाळिसावा दिवस उजाडला. पंच आले. फुलांच्या वाटेनं चालत आले, असे सांगतात, आणि झिऱ्यापाशी येता येता थोरल्या पंचांनी पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या. त्यांचं बघून बाकीच्यांनीही काढल्या. कोंडाई धडधाकट होती. घराला आग लागली नव्हती.

"म्हातारा जिता हाय का ते बघा आधी," गोंदजी पाटील म्हणाले. "दोन दिवस कुणाला दिसला न्हाई."

पंच महारवाड्यात गेले. त्या वस्तीत पाऊल टाकायची त्यांची ती पहिलीच वेळ. रायनाक दाराच्या चौकटीला टेकून बसला होता. बायकांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. पंचांनी हाक मारली. त्यानं डोळे उघडले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "रायनाक येसकर. बोरसंगीचा."

निवाडा झाला. झिरा कुणाचाही नाही.

कोंडाईला मोकळं केलं तेव्हा ती आधी घराकडे धावली नाही. महारवाड्यातून एक घागर मागवून घेतली. झिऱ्यावर गेली. दोन्ही गावं बघत होती. खळग्याच्या काठावर ती ओणवी झाली आणि घागर पाण्यात बुडवली. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिनं स्वतःच्या हातानं गावच्या पाण्यातून घागर भरली नव्हती. किती खोल बुडवायची ते तिला कळेना, हात कोपरापर्यंत भिजला.

घागर डोक्यावर घेऊन ती घरी आली. बापाच्या तोंडाला वाटी लावली. तो दोन घोट प्याला.

"कुणी वतलं?" त्यानं विचारलं.

"कुणी न्हाई, बा. मी काढलं."

म्हाताऱ्यानं वाटीसाठी पुन्हा हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना तो गेला.

कोंडाई पुढे पुष्कळ वर्षं जगली आणि शेवटपर्यंत येसकरकी तिनंच चालवली. म्हातारपणी तिनं एकदा दोन्ही गावांना माळावर बोलावलं आणि सांगून टाकलं, की झिरा खरा चिंचणोळीचा होता. आपण खोटं चाललो. तुम्ही म्हणाल तर शीव परत लावून देते. तेव्हा चिंचणोळीचा जो पाटील होता, तो म्हातारा होता. तो म्हणाला, "आम्हाला ठाव होतं, कोंडाई. माझ्या बानं मरताना सांगितलं होतं, तो दगड मागू नगा म्हणून." आणि तो उठून गावाकडे गेला. त्यानंतर शिवेचा विषय कुणी काढला नाही.

आजही चैत्रात दोन्ही गावं अनवाणी ती शीव चालतात. पुढे बाई असते, तिच्या डोक्यावर ओलं ढेकूळ असतं, आणि झिऱ्यापाशी ती दोन्ही अंगांनी फिरते. शिवनिळीची फुलं देवाला वाहत नाहीत, केसात माळत नाहीत, आहेत तिथेच राहू देतात. आणि झिऱ्यावर कुणी कुणाला पाणी ओतून देत नाही. नवी नवरी असो, गावचा पाहुणा असो, कुणी मोठा अंमलदार असो, काठावर ओणवं व्हायचं, हात भिजवायचा आणि स्वतःचं पाणी स्वतः काढायचं. ज्याला वाकता येत नाही, अशा म्हाताऱ्या माणसाला दोघं दोन्ही बाजूंनी धरतात. पण ओंजळ त्याचीच असते.